घराचं वय नको, दुखणी विचारा

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारी मैत्रीण चाळिशीची आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, दोन मुलं शाळेत आहेत, सासूबाई सोबत राहतात. बरीच वर्षं भाड्यानं काढल्यावर शहराच्या जुन्या, वसलेल्या भागात त्यांना एक दुमजली घर मिळतंय. घर साठ वर्षांचं आहे. शाळा, दवाखाना, बस सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठी झाडं. विकणारे आजी-आजोबा तिथे चाळीस वर्षं राहिले, आता मुलाकडे जाणार आहेत. नवऱ्याचं म्हणणं, "साठ वर्षं उभं आहे, म्हणजे पक्कंच आहे." भाऊ म्हणतो, "जुनं घर म्हणजे पांढरा हत्ती." मध्यस्थ सांगतो, आणखी दोन गिऱ्हाइकं आहेत, याच आठवड्यात इसार द्या. मैत्रिणीनं घर दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा रविवारी सकाळी, घाईघाईत. मागच्या एका खोलीला नुकताच रंग दिलेला दिसला, पण आजी इतक्या मायेनं घर दाखवत होत्या की विचारायची भीड पडली. ती विचारते: घ्यावं की सोडावं? आणि दुसऱ्याच्या राहत्या घरात भिंती ठोकून पाहणं बरं दिसतं का?

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात घराच्या बांधकामाबद्दल चार ओळी आहेत आणि वरच्या खोलीतल्या खिडकीबद्दल नऊ. त्या खिडकीत उभं राहिलं की झाडाची फांदी हाताशी येते, आणि आपलं टेबल तिथेच ठेवायचं हे तुम्ही मनाशी ठरवूनही टाकलंय. त्यात गैर काही नाही. आवडल्याशिवाय कुणी आयुष्यभराची कमाई एखाद्या घरात घालत नाही. फक्त एक होतं: घर मनात भरलं की पुढच्या भेटीत आपण ते तपासत नाही, तिथे नुसतं राहून येतो. तुमच्या दोन्ही भेटी तशाच झाल्या असं मला पत्रावरून वाटलं. तिसरी भेट वेगळी व्हायला हवी.

तुमचे यजमान आणि तुमचा भाऊ एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत असं तुम्हाला वाटतंय, पण दोघंही एकाच गोष्टीवर विसंबून आहेत: घराच्या वयावर. एकाला वय म्हणजे भक्कमपणा वाटतो, दुसऱ्याला खर्च. मला वयाशी फारसं देणंघेणं नाही. घर साठ वर्षं उभं आहे हे खरंच, पण कशाच्या जोरावर? कुणीतरी दर वर्षी पाऊस सुरू होण्याआधी गच्ची झाडत होतं, पन्हळीत अडकलेला पाला काढत होतं, सुटलेला गिलावा वेळीच भरत होतं. घर जितकं पायावर उभं असतं तितकंच माणसांच्या लक्षावर. आता आजोबांचं वय बघा. त्यांनी शिडी चढणं कधी थांबवलं असेल? पाच वर्षांपूर्वी, की दहा? तेव्हापासून गच्चीकडे कोण बघतंय? माझ्या हिशेबी घराच्या साठ वर्षांपेक्षा ही शेवटची दहा वर्षं जास्त बोलतात.

भावाचं म्हणणंही तपासून बघू. नव्या घराचे दोष अजून बाहेर यायचे असतात. जुन्या घराचं जे व्हायचं ते बरंचसं होऊन गेलेलं असतं, आणि त्याच्या खुणा भिंतींवर राहिलेल्या असतात. ज्याला त्या वाचता येतात त्याला जुनं घर जास्त प्रामाणिक वाटतं. म्हणून वय सोडा, दुखणी विचारा. कुठे दुखतंय, कधीपासून, आणि आतापर्यंत काय काय उपचार झाले. या तिसऱ्या प्रश्नाकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात, आणि घोळ बहुतेकदा तिथेच असतो.

सुरुवात पाण्यापासून करा. घराची बरीचशी दुखणी कुठून ना कुठून पाण्यापाशीच जातात. खोल्या बघत फिरू नका, पाण्याच्या वाटेनं फिरा, वरून खाली. आधी गच्ची. पाऊस पडला की पाणी कुठे जातं? उतार पन्हळीकडे आहे का? जिथे पाणी साचून राहतं तिथे वाळलेल्या शेवाळाचं काळपट कडं उमटतं, ते कोरड्या दिवसातही दिसतं. गच्चीवर टाकी असेल तर ती कशावर उभी आहे ते बघा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि बऱ्याच टाक्या घर बांधून झाल्यावर, कुणाला न विचारता चढवलेल्या असतात. मग पन्हळीचा पाइप जिथून खाली उतरतो ती बाहेरची भिंत. मग वरच्या मजल्याचं छत, विशेषतः कोपरे. मग न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीची पलीकडची बाजू आणि न्हाणीघराच्या बरोबर खालच्या खोलीचं छत. आणि सगळ्यात शेवटी तळमजल्यावरच्या भिंतींचे पाय.

ओल दिसली म्हणून लगेच पाय मागे घेऊ नका, तिची जात ओळखा. जमिनीतून वर चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते आणि तिथे एक वाकडीतिकडी आडवी रेघ सोडते. रेघेच्या आसपास पांढऱ्या क्षारांचा फुलोरा असतो, त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. वरून झिरपणारी ओल छताच्या कोपऱ्यात पिवळट कडांचा डाग पाडते, आणि तो डाग दर पावसात थोडा पसरतो, म्हणून त्याला एकात एक अशा कडा असतात. भिंतीच्या मधोमध, कशाशीच संबंध नसल्यासारखा एकच ओला पट्टा असेल तर आत पाइप गळतोय. तिन्हींचे उपाय वेगळे, खर्च वेगळे. गळका पाइप बदलता येतो. गच्ची नव्यानं करून घेता येते. जमिनीतून चढणारी ओल मात्र चिवट असते, आणि जुन्या वस्त्यांत तिचं एक कारण घराच्या बाहेरच सापडतं: रस्ता. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर चढतो, घर मात्र जिथल्या तिथे राहतं. पुढच्या पायऱ्या मोजा. बांधताना जोत्याला चार पायऱ्या असतील आणि आज दीडच दिसत असेल, तर बाकीच्या रस्त्याखाली गेल्या आहेत आणि पावसाचं पाणी उंबरठ्याच्या तेवढंच जवळ आलंय.

इथे माझा एक अनुभव सांगते. आमचं पहिलं घर घेताना मागच्या खोलीतल्या भिंतभर कपाटाचं मी तोंडभरून कौतुक केलं होतं. इतकी सोय कोण करून देतं! राहायला गेल्यावर तिसऱ्या महिन्यात सगळ्यात खालच्या फळीवरच्या मुलीच्या वह्या काढल्या, तर पानं एकमेकांना चिकटलेली. कपाट ओढून बाजूला केलं. मागच्या गिलाव्याला बोट लावलं तसा तो ओल्या वाळूसारखा सुटून पायावर पडला आणि आतली वीट हाताला थंड, गच्च लागली. न्हाणीघराकडे जाणारा पाइप त्या भिंतीत कित्येक वर्षं झिरपत होता. विकणाऱ्यांना ते ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलंच नव्हतं. दुरुस्ती झाली, पण त्या वर्षी दुसरं काहीच करता आलं नाही, आणि ती रुखरुख अजून गेलेली नाही.

म्हणून तुमच्या त्या ताज्या रंगाबद्दल. ती लबाडीच असेल असं मी म्हणत नाही. घर दाखवायचं म्हणून माणसं आवरतात, रंगवतात. पण सगळं घर सोडून ती एकच खोली का? जवळ जा, भिंतीला तळहात लावा. बाजूच्या भिंतीपेक्षा गार लागते का? मग बोटाच्या पेरानं ठोका, एकाच ठिकाणी नाही, खालून वर सरकत. घट्ट गिलाव्याचा आवाज बसका, भरीव येतो. सुटलेला गिलावा रिकाम्या डब्यासारखा वाजतो. हा फरक एकदा कानाला कळला की पुढे कुणी सांगावा लागत नाही. भिंतीला टेकलेली कपाटं उघडा आणि आत वास घ्या. डोळ्यांना रंगानं फसवता येतं, बंद कपाटातला कुबट वास सहसा लपत नाही.

आता उपचारांबद्दल. आज आपण ज्याला नुसतं सिमेंट म्हणतो त्या पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ साली इंग्लंडमध्ये घेतलं, आणि ते सर्रास वापरात यायला पुढे बराच काळ गेला. त्याआधीची आणि त्यानंतरचीही कितीतरी घरं चुन्यात बांधलेली आहेत. तुमचं घर साठ वर्षांचं म्हणजे बहुधा सिमेंटातलं असेल, पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्याहून जुन्या घराच्या विचारात असेल तर त्यांनी हे नीट वाचावं. चुन्याची भिंत श्वास घेते. ओल आत जाते आणि वाळून बाहेरही पडते. थोडी हालचालही ती सोसते. कुणीतरी चांगल्या हेतूनं अशा भिंतीवर सिमेंटचा कडक गिलावा चढवतं, वर ओल अडवणारा रंग लावतं, आणि आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. मग ती वर चढते, आतल्या विटा भुसभुशीत करते, आणि दोन वर्षांत नव्या गिलाव्याचे पोपडे पडायला लागतात. घरमालक म्हणतो, जुनी भिंत आहे, चालायचंच. खरं तर जुन्या भिंतीला नव्या औषधानं आजारी केलेलं असतं. म्हणून चुन्याच्या घरात ठिकठिकाणी सिमेंटची ठिगळं दिसली की मी दोन पावलं मागे येऊन विचारते, हे कधी केलं आणि त्यानंतर भिंत सुधारली की बिघडली?

काँक्रीटच्या घराचं दुखणं वेगळं. काँक्रीट अल्कधर्मी असतं, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं, आणि ते तसं असेल तोवर त्यातल्या सळया सुरक्षित असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून ती अल्कता कमी करतो. ही क्रिया सळईपर्यंत पोचली आणि सोबतीला ओल असली की गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. छताखाली सळईच्या दिशेनं सरळ गेलेली भेग, तपकिरी ओघळ, फुगून आलेला गिलावा, बाहेर डोकावणारी काळी सळई, या एकाच आजाराच्या चढत्या पायऱ्या आहेत. एखाद्या सज्ज्यापुरतं असेल तर दुरुस्त होतं. घरभर तुळयांना आणि खांबांना असेल तर तो निर्णय तुमचा-माझा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. खोटं छत लावलेलं असेल तर एक तक्ता काढून वर टॉर्च मारू द्या अशी विनंती नक्की करा.

भेगांना घाबरण्याआधी त्यांचं माप घ्या. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची रुंदीनुसार केलेली वर्गवारी जगभर वापरली जाते: १ मिलिमीटरपर्यंतची भेग रंगकामात जाते, ५ मिलिमीटरपर्यंतची भरून घेता येते, ५ ते १५ मिलिमीटरच्या भेगांत दारं-खिडक्या अडकायला लागतात, आणि त्यापुढे मोठ्या कामाची तयारी ठेवावी लागते. पण रुंदीइतकंच दिशेकडे बघा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेली, आतून आणि बाहेरून एकाच जागी दिसणारी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती भेग म्हणजे घराची एक बाजू खाली बसली आहे. मग प्रश्न उरतो, बसून थांबली की अजून बसतेय? भेगेत टॉर्च मारा. आत धूळ, जुना रंग, कोळ्याचं जाळं असेल तर ती जुनी आहे. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ताजी. पूर्वी भरलेली भेग त्याच जागी पुन्हा उघडली असेल तर ते मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण हालचाल चालू आहे हे तिनं स्वतःच सांगितलेलं असतं. मुलाची गोटी खिशात घालून न्या. जमिनीवर ठेवली की ती कुठे धावते ते प्रत्येक खोलीत बघा.

तळमजल्यावरचा हॉल "प्रशस्त, मधे एकही भिंत नाही" असं तुम्ही लिहिलंय. तिथे थांबा. वरच्या मजल्यावरच्या भिंती कुठे आहेत ते आठवा आणि त्यांच्या बरोबर खाली काय आहे ते बघा. वरच्या भिंतीखाली भिंत किंवा जाड तुळई हवी. दोन्ही नसेल तर कधीतरी कुणीतरी जागा मोठी करण्यासाठी आधाराची भिंत काढली असू शकते. मूळ नकाशा मागायचं हे एक मोठं कारण आहे. नकाशात भिंत आहे आणि घरात नाही, असं निघालं तर ती कुणी, कधी, कुणाच्या सल्ल्यानं काढली हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लाकूडकाम असेल तर तुळईचं मधलं चकचकीत अंग बघण्यात अर्थ नाही. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथलं टोक बघा, कारण लाकूड तिथे कुजतं. ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरायचा धोका सुरू होतो. परवानगी घेऊन टोकदार हत्यार हलकेच टोचून बघा. चांगलं लाकूड अडवतं, कुजलेलं आत जाऊ देतं. वाळवीच्या मातीच्या नळ्या चौकटींच्या मागे, जिन्याखाली, माळ्यावर शोधा.

नळ आणि वीज यांच्यावर फार वेळ घालवत नाही, कारण साठ वर्षांच्या घरात मूळचेच पाइप आणि मूळच्याच तारा असतील तर दोन्ही बदलावे लागतील असं धरूनच चाला. लोखंडी जस्तलेपी पाइप आतून गंजून बारीक होत जातात. दोन नळ एकदम उघडा आणि त्याच वेळी फ्लश करा, धार किती मंदावते ते कळेल. पाण्याचं मीटर असेल तर सगळे नळ बंद करून काटा फिरतोय का बघा, फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. विजेच्या जुन्या तारांवरचं रबर कडक होऊन तडकतं, आणि जुन्या घरांत अर्थिंग नसणं नवलाचं नाही. इलेक्ट्रिशियनला मुख्य पेटी उघडून दाखवायला सांगा आणि गळतीचा प्रवाह पकडून वीज तोडणारा ३० मिलिॲम्पियरचा ब्रेकर आहे का विचारा.

दोन गोष्टी मात्र मुलांसाठी म्हणून वेगळ्या सांगते. जुन्या तेलरंगांत शिसं असू शकतं. शरीरात शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्याचा सर्वांत जास्त त्रास लहान मुलांना होतो. तसे जुने थर कोरडे घासू नका, घासायचेच तर मुलं तिथे नकोत. दुसरं, जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे आणि पाइप ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांमुळे कर्करोग होऊ शकतो. ते धड असतील तोवर हात लावू नका, स्वतः फोडायला किंवा भोकं पाडायला तर मुळीच जाऊ नका. काढायचे झाले तर त्यातलं जाणणारा माणूसच बोलवा.

आता वस्तीबद्दल, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात ठाम सूर तिथे आहे. "घराचं काय, दुरुस्त करता येईल, पण अशी जागा पुन्हा मिळणार नाही," असं तुम्ही लिहिलंय. निम्मं मला मान्य आहे. भिंती बदलता येतात, शाळा जवळ आणता येत नाही. पण वस्ती जशी आज दिसते तशीच राहील, हे तुम्ही गृहीत धरलंय. शेजारच्या जुन्या घराच्या जागी उद्या खोल खोदकाम सुरू झालं तर तुमच्या पायाचं काय होईल? तुमची एखादी भिंत शेजाऱ्याशी सामाईक आहे का? त्या गल्लीत कुणाचं काय चाललंय हे विचारून घ्या. तुम्हाला भुरळ घालणारी मोठी झाडंही घराशी व्यवहार करत असतात. त्यांची मुळं जुन्या सांडपाण्याच्या नळांच्या सांध्यांत शिरतात. चिकणमातीच्या जमिनीत कोरड्या दिवसांत ती पायाखालची ओल शोषून घेतात आणि जमीन आकसते. म्हणून झाड तोडून टाकायचं असंही नाही, कारण मोठं झाड तोडल्यावर तीच जमीन पाणी धरून फुगते आणि पाया वर उचलते. तुमच्या खिडकीतलं झाड भिंतीपासून किती अंतरावर आहे ते मोजून इंजिनिअरला सांगा. सांडपाण्याच्या नळात कॅमेरा सोडून बघणारे मिळाले तर त्यांच्यावर केलेला खर्च वाया जात नाही.

तुम्ही घर फक्त रविवारी सकाळी पाहिलंत. रविवारी सकाळी सगळ्याच गल्ल्या शांत असतात. कामाच्या दिवशी संध्याकाळी जा, गाडी कुठे लावता येते ते बघा. रात्री दहाला जा. आणि जमलं तर धो धो पावसात जा, छत्री घेऊन समोर अर्धा तास उभ्या राहा. दोन-तीन घरं सोडून राहणाऱ्या कुणाशी तरी बोला. अगदी शेजारचे संकोचतात, जरा लांबचे मोकळेपणानं सांगतात: गटार तुंबतं का, पाणी किती वेळ येतं, मागच्या मोठ्या पावसात कुणाच्या घरात शिरलं.

कागदपत्रं वकिलाला दाखवा, स्वतःचा वकील, मध्यस्थानं सुचवलेला नको. मालकीची साखळी सलग आहे का, कर्जाचा बोजा आहे का, कुणी भाडेकरू किंवा नातेवाईक हक्क सांगतोय का, वाढवलेल्या बांधकामाला परवानगी होती का, रस्तारुंदीत काही जाणार आहे का, घरावर वारसा-जतनाचे निर्बंध आहेत का. आजी-आजोबा कितीही भले असले तरी हे विचारावंच लागतं, त्यांच्या भलेपणाचा या प्रश्नांशी संबंध नाही.

"घ्यावं की सोडावं" हा प्रश्न तुम्ही माझ्यापुढे ठेवलात, पण आज तो सुटणारा नाही, आणि सुटावा असंही मला वाटत नाही. आधी जे सापडेल त्याचे दोन ढीग करा: पैशानं सुटणारं आणि पैशानं न सुटणारं. गच्ची, पाइप, तारा, गिलावा हे पहिल्या ढिगात. अजून खचत असलेला पाया, वादातली मालकी, रस्त्याच्या खाली गेलेलं जोतं, जिथे ऊन-वारा येतच नाही अशा खोल्या, हे दुसऱ्या. पायालाही पैसा लावता येतो, पण तो किती लागेल याचा अंदाज बांधणाराच चुकतो, म्हणून मी त्याला दुसऱ्या ढिगातच ठेवते. दुसऱ्या ढिगात काही निघालं तर खिडकी कितीही आवडलेली असो, मागे फिरा. पहिल्या ढिगातलं जे राहायला जाण्याआधी करावंच लागेल त्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा, तोंडी नाही, इंजिनिअरचा अहवाल पुढे ठेवून. आणि तुमच्या हाताशी दुरुस्तीच्या अंदाजापेक्षा निदान पाचवा हिस्सा जास्त पैसा असू द्या. जुनी भिंत उघडली की काहीतरी निघतंच. तेवढी मोकळीक आज नसेल तर घर चांगलं असूनही तुमच्यासाठी ही वेळ चुकीची असेल, आणि ते मान्य करणं सगळ्यात अवघड असतं. सासूबाईंचाही विचार याच हिशेबात करा. तळमजल्यावर त्यांना झोपायची खोली आणि न्हाणीघर दोन्ही मिळतंय का?

मध्यस्थाच्या आठवड्याच्या मुदतीनं गांगरू नका. आणखी दोन गिऱ्हाइकं असतीलही. इसार द्यावाच लागला तर "बांधकामाची तपासणी आणि कागदपत्रं समाधानकारक निघाली तरच व्यवहार पुढे, नाहीतर रक्कम परत" एवढं लिहून घेऊन द्या. ते लिहून द्यायला जो नकार देईल त्याला घाई कशाची आहे हे तुम्हाला आपोआप कळेल. इंजिनिअर तुमचा हवा, पैसे तुम्ही दिलेले हवेत, आणि तपासणीच्या वेळी तुम्ही त्याच्या मागे मागे फिरा. काय बघतोय ते विचारत राहा. अहवाल लेखी, छायाचित्रांसह घ्या आणि त्यात एक गोष्ट आवर्जून लिहून मागा: कुठल्या जागा पाहताच आल्या नाहीत. कपाटामागची भिंत, खोट्या छताच्या वरचा भाग, बंद माळा. आमच्या वेळी तपासणाऱ्यानं ती यादी दिली असती तर त्यात ते कपाट पहिलं असतं.

राहिली भीड. पाहुणी म्हणून गेलात म्हणून तुम्हाला ती वाटली. आजींनी त्या घरात चाळीस वर्षं काढली, त्या घराची नस अन् नस त्यांना ठाऊक आहे, आणि तुम्ही ती विचारलीत तर त्यांना वाईट वाटण्यापेक्षा बरंच वाटेल असा माझा अनुभव आहे. आपल्या मागे घर नीट सांभाळणारं कुणी येतंय हे त्यातून दिसतं. भिंत ठोकायच्या आधी सांगा, "आजी, आम्हाला हे घर पुढची तीस वर्षं नीट ठेवायचं आहे, म्हणून सगळं समजून घेतेय." मग त्यांच्या सोबत बसा आणि घर कसं आहे असं विचारू नका, त्याला "छानच आहे" यापलीकडे उत्तर नसतं. विचारा, "मोठा पाऊस सुरू झाला की तुम्ही आधी कुठल्या खोलीत बघायला जाता?"

त्या क्षणभर थांबतील, आणि मग बहुतेक उठून तुम्हाला तिकडे घेऊन जातील. ती मागची रंगवलेली खोली आहे का, ते मला कळवा.